धोंड्यावर आहे

निवृत्त नर्सच्या घरी कोणतीही बाई कामासाठी येत नाही. ती शेंगा द्यायला येते, नाही तर ‘इकडून चालली होती, म्हटलं डोकावून जावं’ म्हणून येते. मग चहा होतो, सुनेचे गुण सांगून होतात, गुडघ्यांची चौकशी होते. आणि निघताना, एका पायात चप्पल घालून झाली की खरं काय ते बाहेर पडतं. बाईचा आजार उंबऱ्यापाशी कळतो, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी शिकवलं नाही. म्हणून माझ्याकडे आलेल्या बाईला मी कधी घाईनं वाटेला लावत नाही.

मागच्या थंडीत सुनंदा आली ती मात्र उंबऱ्यावरच थांबली. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी होती, पण ती द्यायची आहे हेच ती विसरली होती. दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि तो तिनं विंचू धरावा तसा धरला होता.

“बाई, भाऊजी घरात हायेत काय?” तिनं हळूच विचारलं.

“आहेत. पेपर वाचतात.”

“मंग आपुन मागच्या अंगणात बसू.”

मी तिला मागे नेलं. नवऱ्याला बाहेर ठेवून जे बोलायचं असतं, ते काय असतं हे मला पाठ आहे. सगळ्या नोकरीत मी तेच ऐकलं.

आता ज्यांना आमची नोकरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी कागदावर आम्हाला मोठं लांबलचक नाव आहे, पण गाव म्हणतं नर्सबाई. चार-पाच गावांना मिळून एक उपकेंद्र असतं, म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक बाकडं. तिथं आम्ही गरोदर बायांची नोंद करायची, बाळंतपणं करायची, पोरांना लसी द्यायच्या, विहिरीत औषध टाकायचं, आणि कोणाची सासू कोणाला दवाखान्यात जाऊ देत नाही हेही ध्यानात ठेवायचं. माझं उपकेंद्र मंगरूळपीरहून वाशीमकडे जाताना फाट्यावरून आत वळलं की लागणाऱ्या गावात होतं. सुनंदा त्याच गावची. मी आता मंगरूळपीरला राहते, तिथं ती बाजाराला येते. तिची पल्लवी माझ्याच हातावर जन्मली. आता पोरगी शिकून पुण्यात एका कंपनीत लागली होती आणि गावात सुनंदाची मान वीतभर उंच झाली होती.

माझं स्वतःचं माहेर जऊळक्याचं, घर रेल्वे स्टेशनला लागून. गाडी जात असताना बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचे आवाज मोठे. नोकरीत हा आवाज फार कामी आला. पण गुपित ऐकायला बसलं की मोठी पंचाईत. सुनंदानं मला आधीच बजावलं, “बाई, हळू बोलजा. शेजारी ऐकतीन.”

मग तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

फोटो टाकायचं जे एक अ‍ॅप असतं, ते पल्लवीनंच आईच्या मोबाइलवर घालून दिलं होतं, ‘आई, तुले माह्ये फोटो दिसत जातीन’ म्हणून. सुनंदा रोज ते उघडून लेकीला पाहायची. लिहायचं कसं ते तिला येत नव्हतं आणि तिला त्याची गरजही वाटत नव्हती. आज तिथं पल्लवीचा चेहरा नव्हता. नुसते दोन पाय, पायांत चप्पल, खाली फरशी. आणि फोटोखाली तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच: ‘धोंड्यावर आहे.’

त्याच्या खाली लोकांनी लिहिलेलं होतं. सुनंदानं बोट ठेवून मला एकेक ओळ दाखवली, जणू मलाच वाचता येत नाही.

कोणीतरी विचारलं होतं, ‘चक्कर?’

पल्लवीचं उत्तर, ‘नाही.’

‘मळमळ?’

‘थोडी.’

‘पाणी पी. उठू नको.’

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. “सकाळपासून फोन करून राह्यली मी. उचलत नाही. पोरीचं लगन नाही झालं बाई. अन् हे लोक तिले मळमळ विचारून राह्यले.”

माझंही मन तिथंच गेलं होतं. खोटं कशाला बोलू? कुंभाराला जिथंतिथं माती दिसते. ज्या बाईनं आयुष्यभर ‘चक्कर येते का, मळमळ होते का’ विचारून पाळीची तारीख काढली, तिला अविवाहित पोरीच्या फोटोखाली हे दोन शब्द दिसले की दुसरं काय सुचणार? मी मनातल्या मनात महिनेसुद्धा मोजायला लागले होते. दिवाळीला पल्लवी आली होती, तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते आठवून पाहत होते.

“पण हे धोंड्यावर म्हंजे काय?” सुनंदा म्हणाली. “कोणता धोंडा? पायावर धोंडा पाडून घेतला, तसं काही म्हणते का ते?”

तेवढ्यात आमचे हे मागच्या दारात आले. चहा का होत नाही ते पाहायला आले असणार. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सगळी हयात गेली आणि कान अजून तसेच तयार आहेत. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या बाकावर कोण तिकीट न घेता बसलं आहे हे त्यांना ऐकून कळायचं.

“धोंड्यावर आहे म्हंजे थांब्यावर आहे,” ते म्हणाले. “पुण्यात असे लय थांबे असतात, अमुक दगड, तमुक दगड. पोरगी बसची वाट पाहून राह्यली असंल. बस लागते काहींना. मळमळ होते, चक्कर येते. माह्या गाडीत घाट लागला की अर्धी गाडी खिडकीत असे.”

“सकाळपासून बसची वाट पाहून राह्यली?” मी विचारलं.

“पुणं हाये ते,” ते म्हणाले आणि चहाचं स्वतःच पाहायला आत गेले. सुनंदाच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं, पण ते टिकलं नाही.

मग मी माझा मोबाइल काढला आणि नेटवर शोधून पाहिलं. ‘धोंड्यावर आहे म्हणजे काय’ असं लिहिलं. नेटनं मला आधी खडी फोडायच्या मशिनी दाखवल्या. मग धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात जावयाला काय वाण द्यावं ते दाखवलं. आमच्याकडे ती रीत नाही, पण सुनंदाकडे आहे, आणि जावई हा शब्द वाचताच तिनं माझं मनगट धरलं.

“कोणता जावई, बाई?”

“अगं, हे मशीनचं काम आहे. मशीनला काय कळतं.” मी मोबाइल पालथा ठेवला. तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. घाबरलेल्या माणसाच्या हाताशी नेट देऊ नये. गावात सर्दी झालेल्या माणसाला शेजारची बाई जास्तीत जास्त न्यूमोनिया सांगते. नेट त्याला तिरडीपर्यंत पोचवते.

पण सुनंदा रडत होती आणि मला काहीतरी करणं भाग होतं. माझ्या कामाची एकच पद्धत मला येते. लक्षणं पुन्हा पहिल्यापासून विचारायची. डॉक्टरला आम्ही फोन करायचो तेव्हा तेही हेच म्हणायचे, ‘सिस्टर, अंदाज नको, लक्षणं सांगा.’ म्हणून मी चष्मा पुसला आणि तिचा मोबाइल पुन्हा हातात घेतला. ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात ‘आणखी पाहा’ असं लिहिलेलं होतं. सुनंदानं ते कधी दाबलंच नव्हतं. मी दाबलं.

झाकलेल्या ओळी उघडल्या. पहिली ‘चक्कर?’ आणि दुसरी ‘मळमळ?’ यांच्या मधोमध, दुसऱ्याच कोणाची तरी एक ओळ होती.

‘खाज?’

आणि पल्लवीचं उत्तर, ‘नाही.’

मी ते वाचलं आणि थबकले. खाज? दिवस गेलेल्या बाईला पहिल्या महिन्यांत कोणी खाजेचं विचारत नाही. बस लागलेल्या माणसाला तर नाहीच नाही. चक्कर, खाज, मळमळ. या तीन गोष्टी या क्रमानं जगात एकाच ठिकाणी विचारतात. सुई टोचल्यानंतर.

आणि मग सगळ्यात खालची ओळ दिसली, ‘ऊठ पळ म्हटल्याशिवाय उठायचं नाही, नियम आहे.’

मला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. माझं हसणं म्हणजे जऊळक्याच्या स्टेशनवरचं हसणं, शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या. सुनंदाला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

“काय झालं, बाई? काहून हासून राह्यल्या?”

“सुनंदा,” मी म्हटलं, “तो धोंडा माझा आहे.”

आता धोंड्याचं सांगायला हवं.

मी त्या गावात नवीन होते तेव्हाची गोष्ट. शाळेतल्या पोरांना लस द्यायचा दिवस होता. गोपाल नावाचा एक पोरगा, सुई लागायच्या आधी बोंबलला नाही, लागल्यावरही बोंबलला नाही, मी कापूस दाबायच्या आत दप्तर टाकून पळाला. आणि शाळेच्या फाटकापाशी चक्कर येऊन आडवा झाला. त्याला झालं काहीच नव्हतं. पुष्कळांना भीतीनं चक्कर येते, पाय वर करून निजवलं की पोरगं उठून भाकर मागतं. पण गावात बातमी पोचली ती अशी की नर्सबाईनं पोरगं मारलं. त्याची आजी उलथनं घेऊन आली. मी आजीला बसवलं, गोपाल उठून बसला, आणि आजीनं तेच उलथनं गोपालच्या पाठीत घातलं.

लस दिल्यावर अर्धा तास माणसाला थांबवून ठेवायचं असतं, हे आमच्या कामातलं पहिलं कलम. लाखात एखाद्याला लस सोसत नाही. त्याच्या अंगाला खाज सुटते, गळून गेल्यासारखं होतं. तेव्हा तो आमच्या डोळ्यांसमोर असावा लागतो. पण कलम लिहिणाऱ्यानं चौथीतला पोरगा पाहिलेला नसतो. अर्धा तास त्याला कुठं बसवणार? बाकडं एकच, त्यावर तान्ह्या पोरांच्या आया. उपकेंद्राबाहेर निंबाखाली एक काळा धोंडा होता, म्हशीच्या पाठीएवढा, वरून गुळगुळीत. गोपालच्या प्रकरणानंतर मी जाहीर केलं: ज्याला सुई लागली त्यानं धोंड्यावर बसायचं. नर्सबाई विचारेल, चक्कर? खाज? मळमळ? तिन्हीला नाही म्हटलं की मी म्हणणार, ऊठ, पळ. तोवर उठायचं नाही.

दोन नियम मी नंतर जोडले, पोरांना पाहून. एक, धोंड्यावर एकट्यानं बसायचं नाही. आधीच्यानं नंतरच्यासाठी सरकायचं आणि त्याच्याजवळ बसायचं. पहिल्या पोराजवळ उपकेंद्रातल्या मदतनीस बाई बसायच्या. घाबरलेल्या पोराला एकटं ठेवलं की त्याला नसलेली चक्करही येते, आणि जवळ कोणी बसलं की आलेली चक्करसुद्धा उतरते. हे मी पुस्तकात वाचलं नाही, धोंड्यावर पाहिलं. दुसरा नियम, धोंड्यावर कोण रडलं, का रडलं ते कोणी विचारायचं नाही, आणि वर्गात सांगायचं तर मुळीच नाही. हा नियम पोरांना फार आवडला.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते. त्या गावात सुरुवातीला दोन-चार घरं अशी होती की माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. सुई चालायची. सुईला कोणी जात विचारत नाही, ही माझी बरीच वर्षं आवडती थट्टा होती. पण त्याच घरांतली पोरं आणि आमच्या वस्तीतली पोरं त्या धोंड्यावर एकमेकांना खेटून, दंड चोळत बसायची. जागा कमी होती, खेटावंच लागायचं. मी त्याबद्दल कधी कोणाला एक शब्द बोलले नाही. नुसती दारातून पाहायची आणि मला बरं वाटायचं.

पोरांचं तर झालंच, पण गावचे पोलीस पाटील एकदा हाताला विळा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आले. मिशा अशा की कोतवालसुद्धा त्यांच्यापुढे खाली पाहून बोलायचा. सुई पाहिली आणि पाटील खुर्चीतून घसरले. दोन माणसांनी धरून त्यांना धोंड्यावर आणून बसवलं. तिथं पाचवीतली एक पोरगी आधीच बसलेली होती. तिनं सरकून जागा दिली, पाटलांचा हात आपल्या हातात घेतला आणि अगदी माझ्या सुरात विचारलं, “चक्कर?” पाटील म्हणाले, “हो, पोरी.” ती म्हणाली, “मंग बसा. जल्दी नाही करायची.” त्यांचं चित्त थाऱ्यावर येईपर्यंत ती उठली नाही, शाळेची घंटा झाली तरी. आणि नियमाप्रमाणे तिनं ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. ती मीच फोडली, आधी सुनंदापाशी आणि आज इथं, आणि आता पाटीलही हसतील अशी आशा आहे.

ती पोरगी म्हणजे सुनंदाची पल्लवी.

मी हे सगळं सुनंदाला सांगितलं तेव्हा तिचा अर्धा जीव खाली आला. अर्धा वरच होता. “म्हंजे पोरीनं कोणती लस घेतली?” ती म्हणाली. “काहून घेतली? काय झालं तिले?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण ‘नियम आहे’ असं लिहिणाऱ्याचा छोटा फोटो सुनंदानं ओळखला. “हा तं आपला गोप्या. वाशीमले मोबाइलचं दुकान हाये त्याचं.” जो पळाला होता तोच गोपाल. सुनंदाकडे त्याचा नंबर होता. मी फोन लावला.

“गोपाल, नर्सबाई बोलते.”

पलीकडे दुकानातली गाणी बंद झाली. मग म्हणाला, “बाई, मी नाही पळालो.”

पस्तिशीला आलेला बाप्या, दोन पोरांचा बाप, पण आवाज तोच. मी त्याला विचारलं, हे धोंड्याचं काय प्रकरण आहे. तो आधी लाजला. मग सांगायला लागला.

“बाई, आपल्या गावची पोरं आता कुठंकुठं हायेत. कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, एक तं दुबईत हाये. कोणाचं काही बिनसलं, नोकरी गेली, परीक्षा गेली, घरी भांडण झालं, तं तो फक्त लिहिते, धोंड्यावर आहे. बाकी काही सांगा लागत नाही. मंग ज्याले दिसलं तो विचारते, चक्कर? दुसरा विचारते, खाज? असं चालू राह्यते. जोवर मळमळ हाये तोवर कोणी त्याले सोडत नाही. आता तं बाहेरगावचे पोरंबी लिहितात, त्यायले कुठून आलं ते माहीत नाही. म्या सांगत नाही कोणाले. आपलं हाये ते.”

“आणि पल्लवीला काय झालं?”

“ते मले माहीत नाही, बाई.”

“कसं माहीत नाही? तू तिथं लिहिलंस ना?”

“धोंड्यावर कोणी विचारत नसते, बाई,” गोपाल म्हणाला. “तुमीच सांगितलं होतं.”

मी फोन ठेवला. मला एक गोष्ट आठवली. मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी उपकेंद्राला नवी इमारत आणि कंपाउंड झालं. मी सहज गेले होते, तर निंब होता, धोंडा नव्हता. ठेकेदारानं तो फोडून भिंतीच्या पायात घातला होता. नव्या खोलीत आता चांगल्या खुर्च्या आहेत, पंखा आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण घरी येताना बसमध्ये मला वाईट वाटलं होतं, फार वाईट. वाटलं, सगळी नोकरी केली आणि मागे एक दगडसुद्धा राहिला नाही. आणि ही पोरं तिकडे दुबईत धोंड्यावर बसून राहिली होती आणि मला पत्ता नव्हता.

सुनंदाला मात्र यातलं काहीच पुरेसं नव्हतं. तिची पोरगी कुठंतरी चप्पल घालून फरशीवर बसली होती आणि तिला थोडी मळमळ होती. “मी आताच जातो पुण्याले,” ती म्हणाली. “अकोल्यावरून गाडी असंल. जाऊन विचारतो, काय झालं, कोणी केलं.”

“विचारू नको,” मी म्हटलं.

“मी माय हाये तिची.”

“म्हणूनच. तिनं तुझा फोन उचलला नाही, कारण तू पहिला शब्द ‘काय झालं’ हाच म्हणणार, हे तिला ठाऊक आहे. धोंड्यावर बसलेल्याला काय टोचलं ते विचारत नाहीत, सुनंदा. ते त्याला ठाऊक असतं. त्याच्याजवळ बसतात.”

“इथून कशी बसू?”

मी तिला मोबाइल दिला आणि लिहायची जागा दाखवली. “इथं.”

तिनं जन्मात असं काही लिहिलं नव्हतं. एक अक्षर दाबायला जायची तर दुसरंच उमटायचं, ते पुसायचं, पुन्हा. मी तिला शब्द सांगणार होते, पण तिनं हातानं थांबवलं. आमचे हे चहाचे कप घेऊन मागच्या दारात उभे होते आणि त्यांनाही पुढं यायचं धाडस होत नव्हतं. पुष्कळ वेळानं तिनं मोबाइल माझ्यापुढे केला. “पाहा बरं, बरोबर हाये का?”

लिहिलं होतं, ‘सरक थोडी. मी येऊन राह्यली.’

मी म्हटलं, बरोबर आहे.

तिनं बाणाचं चिन्ह दाबलं. ओळ गेली. आम्ही तिघं त्या काचेकडे पाहत होतो. थंडीचे दिवस, अंगणात ऊन, शेंगांची पिशवी तशीच पायाशी पडलेली. मी शेंगा सोलायला घेतल्या, कारण हाताला काहीतरी हवं होतं. मग खाली एक नवी ओळ आली. एकच शब्द.

‘सरकली.’

सुनंदानं ते तीनदा वाचलं. “आता काय लिहू, बाई?”

“काही नको. आता बसायचं. अर्धा तास लागतो.”

ती बसली. चहा प्याली. शेंगा सोलल्या. एकदाही तिनं फोन लावला नाही, आणि तिला ते किती जड गेलं ते मी तिच्या बोटांकडे पाहून सांगू शकते. वाटीत दाणे कमी आणि टरफलं जास्त पडत होती. आमचे हे तिला पुण्याच्या गाड्यांची वेळापत्रकं सांगत होते, जी त्यांच्या नोकरीच्या काळातली होती.

फोन वाजला तो पल्लवीचाच. सुनंदानं उचलला आणि कानाला न लावता मधे धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं. पोरगी आधी रडली. आईनं रडू दिलं. मग पल्लवीनं आपणहून सांगितलं. कंपनीनं काही लोकांना एकदम काढलं होतं, त्यात तीही. सकाळीच सांगितलं. तू सगळ्या गावाला पेढे वाटले होते, आई, तुला कसं सांगू, म्हणून फोन उचलला नाही.

सुनंदा काय म्हणेल याची मला धाकधूक होती. पेढे खरंच सगळ्या गावाला वाटले होते, मीही खाल्ला होता.

सुनंदा म्हणाली, “चक्कर?”

तिकडे रडणं थांबलं. “आई?”

“चक्कर येते का सांग.”

“नाही.”

“खाज?”

पल्लवी हसली. नाक ओढत, हुंदक्याच्या मधेच हसली. “आई, तुले कोणं सांगितलं हे?”

“खाज हाये का ते सांग.”

“नाही वं.”

“मळमळ?”

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकू येत होते. मग पल्लवी म्हणाली, “गेली. आताच गेली.”

सुनंदानं मोबाइलवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “बाई, ते तुमी म्हणा. तुमचं हाये ते.”

“माझं काय त्यात? तू बसली तिच्याजवळ. तूच म्हण,” मी म्हटलं. “आणि मोठ्यानं म्हण. पुण्यापर्यंत जायला पाहिजे.”

सुनंदानं मोबाइल तोंडाजवळ धरला, श्वास घेतला, आणि शेजारच्या वहिनी दुसऱ्यांदा भिंतीवरून डोकावल्या, इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“ऊठ. पळ.”